टोकियोतला १९८१ सालचा वन-रूम फ्लॅट भाड्यासाठी घ्यावा का?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, वय ४६, आयटीत नोकरी. कंपनीच्या कामासाठी टोकियोत काही काळ राहिलोय, त्यामुळे शहर अगदीच परकं नाही. जपानी मात्र दुकानात पैसे देण्यापुरतं येतं. हाताशी थोडी रक्कम आहे. पुण्यात आणखी एक फ्लॅट घ्यावा तर भाडं अडीच-तीन टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून टोकियोतले जुने छोटे फ्लॅट बघतोय. एक यादीत आलाय, तपशील देतो:

इताबाशी वॉर्ड, तोबू तोजो लाईनच्या स्टेशनपासून चालत ८ मिनिटं. ७ मजली आरसीसी इमारत, ४२ फ्लॅट, आमचा तिसऱ्या मजल्यावर. १८ चौरस मीटर, एकच खोली, संडास-बाथरूम एकत्र. बांधून पूर्ण नोव्हेंबर १९८१. किंमत ७८ लाख येन, आजच्या भावाने साधारण ४५ लाख रुपये. आत भाडेकरू आहे, भाडं महिना ५२,००० येन, म्हणजे ८ टक्के. मेंटेनन्स ८,९०० आणि दुरुस्ती निधी फक्त १,८०० येन. जमिनीचा हिस्सा मालकी हक्काचा.

एजंट इंग्रजी बोलणारा आहे. त्याचं म्हणणं, '८१ साली जपानने भूकंपाचे नियम कडक केले, ही इमारत ८१ चीच, त्यामुळे काळजी नाही.' दुरुस्ती निधी इतका कमी आहे म्हणजे सोसायटी काटकसरी असावी असं मला वाटतं.

आणखी एक. आमची कोथरूडची १९८४ ची सोसायटी नुकतीच रिडेव्हलपमेंटला गेली. जास्तीचा कार्पेट, कॉर्पस (रोख निधी), दोन वर्षांचं भाडं, सगळं बिल्डरने दिलं. टोकियोतली ही इमारत तर मोक्याच्या जागी आहे. दहा-बारा वर्षांत तिथेही तसंच होईल असं धरून चालावं का? आणि भारतीय माणसाला तिथे घर घेता येतं ना?

चहाबाज

इताबाशी कशाला, युझावाला घ्या की! निइगातामध्ये. एक लाख येनला फ्लॅट, इमारतीत गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह, खाली स्कीइंग. व्हिडिओ बघितला परवाच. ५८-६० हजार रुपयांत जपानमध्ये घर, आपल्याकडे स्कूटर येत नाही त्यात.

तोझाई_लाईन

चहाबाज, ते फ्लॅट लाखाला का विकतात ते व्हिडिओवाला सांगत नाही. १९८० च्या दशकात शेअर आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडले होते, तेव्हा टोकियोकरांनी स्कीसाठी म्हणून तिथे मोठ्या मोठ्या इमारती उठवल्या. बुडबुडा फुटला, स्की करणारेही कमी झाले. स्नानगृह, पोहण्याचा तलाव, लिफ्ट, बर्फ हटवणं यांचा खर्च मात्र दर महिन्याला चालूच आहे. तो फ्लॅटवाल्यांनीच भरायचा, मग वर्षातून एकदा जा नाहीतर कधीच नका जाऊ. आणि आधीच्या मालकाने थकवलेला मेंटेनन्स नव्या मालकाकडून वसूल करता येतो, कायद्यातच आहे तसं. म्हणून मालक म्हणतो, लाख द्या आणि न्या बाबा एकदाचं.

आता कोथरूडकर. मी मूळची सांगलीची. बरीच वर्षं टोकियोत, एदोगावा वॉर्डात राहते. आमची इमारत १९८८ ची. इथे सोसायटीच्या कार्यकारिणीचं काम पाळीने येतं, 'मला वेळ नाही' म्हणायची सोय नसते, त्यामुळे सध्या मीही कार्यकारिणीवर आहे. जे सांगतेय ते गुंतवणूकदार म्हणून नाही. तुमच्यासारखे परदेशातले मालक ज्या इमारतीत फ्लॅट घेतात, त्या इमारतीत राहणारी बाई म्हणून सांगतेय.

रिडेव्हलपमेंटचं आधी, कारण तुमचं सगळं गणित मनात त्यावर उभं आहे. तसं होईल असं अजिबात धरू नका. पुण्या-मुंबईत बिल्डर फुकट बांधून देतो कारण वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) आणि टीडीआरवर (दुसरीकडून आणलेल्या बांधकाम हक्कावर) तो जास्तीचे फ्लॅट विकतो. टोकियोत त्या काळच्या बहुतेक इमारतींनी मिळणारा एफएसआय तेव्हाच संपवलेला आहे. काही तर आजच्या नियमांत बसत नाहीत इतक्या मोठ्या आहेत, त्या पाडल्या तर आहे तेवढंही बांधता येणार नाही. मग विकायला जास्तीचे फ्लॅट येणार कुठून? खर्च सभासदांनीच काढायचा. गेल्या काही वर्षांत जिथे पुनर्बांधणी झाली तिथे सरकारी आकडेवारीप्रमाणे दर घरामागे सरासरी १ कोटी ९० लाख येनच्या पुढे भार पडला. तुमच्या फ्लॅटची किंमत ७८ लाख आहे.

त्यात संमती. आजवर नियम ४/५ मतांचा होता. २०२५ मध्ये कायदा बदलला, एप्रिल २०२६ पासून भूकंपाला पुरेशी टिकणारी नाही अशा किंवा तत्सम अडचणीच्या इमारतीला ३/४ पुरतात. तरी ३/४ सुद्धा जमवून बघा! सबंध जपानमध्ये ७० लाखांहून जास्त फ्लॅट आहेत, त्यातले १३ लाखांवर फ्लॅट ४० वर्षांपेक्षा जुने. आणि आजवर पाडून नव्याने बांधलेल्या सोसायट्या तीनशेच्या आसपास. वन-रूमच्या इमारतीत तर मालक कुणी राहातच नाही. एक होक्काइदोत, एक तैवानला, एक वृद्धाश्रमात, एकाचे वारस कोण तेच माहीत नाही.

म्हणजे तुम्ही घेताय ती म्हातारी होत जाणारी इमारत, तशीच्या तशी. आणि ती किती दिवस धड राहील हे तुमच्या खोलीतल्या नव्या वॉलपेपरवर नाही, सोसायटीकडे पैसे किती आणि सभेला माणसं किती यावर ठरतं.

आता भूकंप. तुमचा एजंट एकतर घाईत आहे किंवा तुम्हाला घाईत धरतोय. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर नियम बदलले, ते १ जून १९८१ पासून लागू झाले, पण ज्या इमारतींना त्या तारखेपासून बांधकाम परवानगी मिळाली त्यांना. बांधून कधी पूर्ण झाली याला अर्थ नाही. ४२ फ्लॅटची ७ मजली आरसीसी इमारत जूनमध्ये परवानगी घेऊन नोव्हेंबरात उभी राहत नाही. ती जुन्या नियमांचीच असणार. ८२ ची, अगदी ८३ चीसुद्धा कधीकधी जुन्या नियमांची निघते. १९९५ ला कोबेच्या भूकंपात जुन्या-नव्यातला फरक लोकांनी डोळ्यांनी पाहिला, तेव्हापासून बँकासुद्धा इथे हात आखडतात. वॉर्ड ऑफिसच्या बांधकाम विभागात 'दाइचो किसाई जिको शोमेइशो' नावाचा दाखला काहीशे येनमध्ये मिळतो, त्यावर परवानगीची तारीख असते. एजंटला तो आणायला सांगा. इमारतीची भूकंप तपासणी झाली आहे का, हेही विचारा. जुन्या नियमांच्या इमारतीत तशी तपासणी झाली असेल तर ती व्यवहाराआधी वाचून दाखवायच्या कागदांत सांगावीच लागते. झाली नसेल तर 'नाही' एवढंच लिहितात, आणि बहुतेक ठिकाणी 'नाही'च असतं.

दुरुस्ती निधी १,८०० हे वाचून तुम्ही खूश झालात, मी दचकले. १८ चौरस मीटरला १,८०० म्हणजे चौरस मीटरला १०० येन. सरकारच्या मार्गदर्शक आकड्यांत लहान इमारतीसाठी सरासरी ३३५ येन आहे, म्हणजे तुमच्या खोलीला ६,००० च्या आसपास. सोसायटी काटकसरी नाही, सोसायटीने पैसे गोळाच केलेले नाहीत. इथे साधारण १२ ते १५ वर्षांनी मोठी दुरुस्ती काढतात. बाहेरून परांची, टाइल्स ठोकून बघणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जिन्याचं लोखंड, रंग. आमच्याकडे मागच्या वेळी घरटी बारा लाख येनच्या आसपास गेले, निधीत होते म्हणून निभावलं. लिफ्ट बदलण्याचा खर्च वेगळा.

आणि पाइप! यावर कुणी बोलत नाही. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत तुमच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप तुमच्या फरशीखाली, म्हणजे खालच्या घराच्या छतात असतो. गळला की खालच्याचं छत उघडावं लागतं. असा पाइप सामायिक की तुमचा, यावरून २००० साली थेट सुप्रीम कोर्टात निकाल लागला, सामायिक ठरला. तो खटला ज्या रचनेबद्दल होता तशीच तुमची आहे का हे पुन्हा बघावं लागतं. आमच्या इमारतीत पाइप बदलायचा ठराव झाला तेव्हा प्रत्येक घरात दोन-तीन दिवस कारागीर शिरणार होते. राहणाऱ्यांनी कुरकुर करत का होईना दारं उघडली. एका परदेशातल्या मालकाचं पत्र परत आलं, ईमेलला उत्तर नाही, भाडेकरू म्हणतो मालकाची परवानगी आणा. त्या एका उभ्या ओळीचं काम रखडलं. नव्या कायद्यात परदेशी राहणाऱ्या मालकाला इथला एक प्रतिनिधी नेमायची सोय आहे. तुम्ही घेतलंत तर पहिल्या दिवशी तो नेमा, हात जोडून सांगते.

बाकीचं भराभर. घर घ्यायला परदेशी माणसाला बंदी नाही, जमिनीचा हिस्साही तुमच्या नावावर होतो. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. तुम्ही जपानबाहेर राहता आणि भाड्यासाठी घेताय, म्हणजे २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत अर्थमंत्र्यांच्या नावे एक अहवाल द्यायचा असतो. नोंदणी करणारा शिहो शोशी सांगेल, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. एअरबीएनबीचा विचार असेल तर सोडा. २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवस, आणि बहुतेक सोसायट्यांच्या नियमात ते मुळात बंदच.

तुमचे ८ टक्के मी मोजून बघितले. वर्षाचं भाडं ६,२४,०००. मेंटेनन्स आणि निधी १,२८,४०० वजा. भाडं गोळा करणाऱ्या कंपनीचे ५ टक्के धरा, मालमत्ता कर, आणि इथे विवरणपत्र भरणाऱ्याची फी. साडेतीन लाखांच्या आसपास उरतात. दलाली ३ टक्के अधिक ६०,००० आणि त्यावर कर, म्हणजे इथे ३ लाख २३ हजार. नोंदणीचा खर्च वेगळा. शिवाय काही महिन्यांनी, सगळं झालं असं वाटत असताना पोस्टाने येणारा खरेदी कर. हे सगळं धरून तुमचे ८४ लाख गेले. साडेतीन लाख भागिले ८४ लाख म्हणजे ४.२ टक्के. निधी ६,००० केला, जो कधीतरी करावाच लागेल, तर साडेतीन. खोली रिकामी राहिली, गीझर गेला, एसी गेला, हे धरलेलं नाही, आयकर तर नाहीच. कोथरूडपेक्षा किती वर गेलात ते तुम्हीच बघा.

ओसाकाकर

ताईंचं सगळं बरोबर, पण इतकंही घाबरवू नका हो. मी योदोगावा वॉर्डात, शिन-ओसाकाच्या जवळ, १९९१ चा २० चौरस मीटरचा घेतला आहे. निधी व्यवस्थित, दुसरी मोठी दुरुस्ती झालेली, एजंटनेच कागद आधी दिले. नोकरदार एकटे राहणारे भाडेकरू असतात, एक गेला की महिना-दीड महिन्यात दुसरा येतो. मला भाडं मिळतंय, डोक्याला ताप नाही. जुनं म्हणजे वाईट असं नाही, ८१ आणि ९१ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे एवढंच.

कोथरूडकर, आत भाडेकरू असलेला फ्लॅट घेताना दोन गोष्टी. आत जाऊन बघता येत नाही, भाडेकरूचं घर आहे ते. आणि त्याने ठेवलेलं डिपॉझिट परत द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते. टोकियोत विकणारा ती रक्कम व्यवहारात तुम्हाला वळती करून देतो. आमच्या कान्साई भागात ती विकणाराच ठेवतो आणि जबाबदारी फक्त तुमच्याकडे येते! हे माहीत नसलेला माणूस इथे पहिल्या फटक्यातच गार होतो. ओसाकात काही बघितलंत तर भाव ठरवताना ते धरा.

तोझाई_लाईन

ओसाकाकर, तुम्ही जपानमध्ये राहता, सभेचा कागद तुमच्या पेटीत पडतो आणि तुम्हाला वाचता येतो. यांचं तसं नाही. ९१ बद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

भाडेकरूचं एक राहिलं. साधा करार असेल तर मालक पटण्यासारखं कारण दिल्याशिवाय भाडेकरूला काढू शकत नाही, करार आपोआप पुढे सरकतो. त्यात वाईट काही नाही, माणसाला घर लागतं. पण तो किती वर्षं राहतोय ते विचारा. वॉलपेपरची किंमत सरकारी नियमावलीत ६ वर्षांत शून्यावर येते. वीस वर्षं राहून गेलेल्या माणसाकडून तुम्हाला दुरुस्तीचं जवळजवळ काही मिळणार नाही. फरशी, भिंती, स्वयंपाकाचा ओटा सगळं तुमच्या खिशातून. आणि त्यानंतर एकत्र संडास-बाथरूमच्या, वॉशिंग मशीनला आत जागा नसलेल्या खोलीला आजची तरुण मुलं ५२,००० देतील का, हे आजूबाजूच्या रिकाम्या खोल्यांचे भाव बघून ठरवा. जुन्या भाडेकरूचं भाडं पुष्कळदा जुन्या काळचं, चढं असतं.

ठाणेकर_सीए

भारताच्या बाजूचं मी लिहितो. निवासी भारतीयाला एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, परदेशात घर घेणं त्यात बसतं. पण १० लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते. ४५ लाख पाठवलेत तर ३५ लाखांवर ७ लाख. हा जादा कर नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, तोवर पैसे मात्र अडकतात. म्हणजे ४५ लाखांच्या व्यवहाराला ५२ लाख जवळ हवेत. पगारावरच्या टीडीएसमध्ये हा टीसीएस धरायला कंपनीला सांगता येतं, ते करा. पत्नीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पैसे असतील तर तिची मर्यादा वेगळी.

विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दरवर्षी भरायचं, भाडं आलं असो वा नसो. घर लपलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख दंड आहे, आणि छोट्या रकमांना जी सूट मिळाली ती स्थावर मालमत्तेला नाही. भाड्यावर जपानमध्ये कर भरलात की करारानुसार इथे त्याचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी तिथला भरणा दाखवणारा कागद लागतो. जपानमध्ये तुमच्या वतीने कर भरणारा प्रतिनिधी नेमावा लागेल.

विकतानाचं लोक विसरतात. परदेशी राहणाऱ्या मालकाकडून घर घेणाऱ्याने किमतीच्या १०.२१ टक्के कापून सरकारात भरायचे असतात. घेणारा स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत १० कोटी येनपर्यंत असेल तरच सूट. तुमची १८ मीटरची खोली राहायला कोण घेणार? घेणारा गुंतवणूकदारच, म्हणजे कापणार. नंतर विवरणपत्र भरून हिशोब होतो. पाच वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावरचा कर जवळजवळ दुप्पट.

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलेले कागद मागवले. एजंट आधी 'कशाला' म्हणाला, मग आठवड्याने पाठवले. एका सहकाऱ्याकडून वाचून घेतले.

वॉर्डाच्या दाखल्यावर परवानगीची तारीख ऑक्टोबर १९८० आहे. भूकंप तपासणी नाही. शेवटची मोठी दुरुस्ती २००४. सोसायटीच्या निधीत ९४ लाख येन. दुरुस्तीचा लेखी दीर्घकालीन आराखडा नाही. थकबाकीदार ५, त्यात विकणारा स्वतः ७ महिन्यांचा. मागच्या सभेच्या मिनिट्समध्ये दुरुस्तीचं ३ कोटी २० लाखांचं अंदाजपत्रक आहे आणि निधी १,८०० वरून ५,४०० करायचा प्रस्ताव. पण हजर ६, लेखी अधिकारपत्रं ११, म्हणून सभा झाली नाही असं लिहिलंय. भाडेकरू २००६ पासून आहे.

एजंट म्हणतो विकणारा ७० पर्यंत खाली येईल. अजून विचार करावा का?

तोझाई_लाईन

४२ पैकी १७. अर्धेही नाहीत, म्हणजे गणपूर्तीच नाही. मला तुमच्या सगळ्या कागदांत हीच ओळ सगळ्यात वाईट वाटली. पैसे कमी असले तरी माणसं जमली तर निधी वाढतो, कर्ज काढता येतं, काम होतं. इथे वाढीचा प्रस्तावच मतदानाला आला नाही. नव्या कायद्यात साधे ठराव हजर असलेल्यांच्या बहुमताने करता येतात, त्याने थोडा फरक पडेल. पण हजर राहायला कुणीतरी लागतंच.

हिशोब सोपा आहे. ३ कोटी २० लाखांतून ९४ लाख वजा, उरतात २ कोटी २६ लाख, भागिले ४२. घरटी ५ लाख ३८ हजार येन. तुमचं दहा महिन्यांचं भाडं. ते एकरकमी मागतील किंवा सोसायटी कर्ज काढून हप्ते लावेल. आणि पाचजण आताच देत नाहीत, त्यांचा वाटा कोण देणार ते तुम्हाला कळलं असेलच. विकणाऱ्याला ही मिनिट्स माहीत आहेत. आठ लाख तो उदारपणे सोडत नाहीये, येणारी वर्गणी तुमच्या गळ्यात घालून निघतोय. त्याचे थकलेले ७ महिने, १०,७०० च्या दराने ७४,९०० येन, तेही तुमच्याकडूनच मागितले जातील. कुठलाही व्यवहार केलात तरी ते किल्ली घ्यायच्या दिवशी त्याच्या पैशांतून भरून घ्यायचे.

मी ७० ला घेणार नाही, ६० लाही नाही. पाच-सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा जुन्या नियमांची, २० मीटरपेक्षा लहान खोली घ्यायला बँक कुणाला कर्ज देणार नाही. रोख पैसेवाला येईल आणि तोही हीच मिनिट्स वाचेल.

ओसाकाकर

६० ला मी विचार केला असता. ११ वर्षांत घसारा संपवता येतो, आरसीसीचं करासाठीचं आयुष्य ४७ वर्षं धरतात, त्या हिशोबात इतक्या जुन्या इमारतीला तेवढीच मिळतात, करात फायदा होतो. पण हे सगळं इथे राहणाऱ्याचं गणित झालं, मोठा पगार असलेल्याचं. तुम्ही पुण्यात बसून ते करू नका.

कोथरूडकर

सोडला. एजंटला कळवलं, त्याने लगेच दुसरा पाठवला: नेरिमा वॉर्ड, १९९३, २७ चौरस मीटर, संडास वेगळा, १ कोटी २० लाख येन, निधी ५,९००, निम्म्याहून जास्त घरांत मालक स्वतः राहतात असं म्हणतो. पत्नीचे पैसेही घालावे लागतील. नोंदणीसाठी कागद काय लागतात? इकडे तर जपानी शिक्का वगैरे काही नाही.

तोझाई_लाईन

शिक्का लागत नाही. पत्ता आणि सही खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र पुण्यात नोटरीसमोर करायचं. शिहो शोशी मसुदा पाठवेल, त्याप्रमाणेच करा, आपल्या मनाने मजकूर बदलू नका. एप्रिल २०२४ पासून नोंदणीत रोमन लिपीतलं नाव आणि जपानमधला संपर्क द्यावा लागतो, तिथे त्या प्रतिनिधीचं नाव घालता येईल. भाडं जमा करायला इथलं बँक खातं तुम्हाला सहजी मिळणार नाही. भाडं गोळा करणारी कंपनी परदेशात पाठवते का, आणि मेंटेनन्स तुमच्या वतीने भरते का, हे करार करण्याआधी लेखी घ्या.

५,९०० भागिले २७ म्हणजे २१८ येन. इताबाशीपेक्षा पुष्कळ बरं. पण हा आकडा कायम आहे की दर पाच वर्षांनी पायरीपायरीने चढणारा आहे, ते आराखड्यात बघा. चढणारा असेल तर १५ वर्षांनंतरचा आकडा धरून भाड्याचं गणित मांडा. निम्मे मालक राहतात हे एजंटच्या तोंडून नको, व्यवस्थापन कंपनीच्या अहवालातून घ्या. २०२२ पासून पालिका चांगल्या चालणाऱ्या सोसायट्यांना प्रमाणपत्र देते, ते आहे का विचारा. नसलं म्हणून वाईट नाही, बऱ्याच जणांनी अर्जच केलेला नाही. पुराचा नकाशा २०२० पासून व्यवहाराआधी दाखवणं सक्तीचं आहे, नेरिमा उंचावर आहे पण शाकुजी नदीच्या काठाला असेल तर नीट बघा. आमच्या एदोगावाच्या नकाशावर तर वॉर्डाने स्वतःच छापलंय, 'इथे थांबू नका', आणि आम्ही सगळे इथेच राहतो.

सभांची मिनिट्स एक वर्षाची नको, तीन वर्षांची मागवा. तळमजल्यावर दुकान असेल तर त्याचं मत किती टक्के आहे तेही बघून ठेवा.